रुखवतातला सतरा इंची

(कोल्हापूर, राजारामपुरीतलं लॅपटॉपचं दुकान, सन २००७. काउंटरच्या आत दुकानदार उजैर. बाहेर हुपरीचे पैंजणांचे कारखानदार गुरुपाद आणि त्यांची थोरली मुलगी शांभवी, जिचं लग्न पुढच्या महिन्यात आहे आणि जिला अजून कुणी काही विचारलेलं नाही.)

गुरुपाद : ह्यो नगं. ह्यो पोकळ हाय.

उजैर : पोकळ कसा असेल काका? आत अख्खा कॉम्प्युटर आहे.

गुरुपाद : मग वजन कुठं गेलं? जन्म गेला आमचा चांदी तोलण्यात. हातात घेतलं की कळतं.

उजैर : ह्यात उलटं असतं. जितका हलका तितका महाग.

गुरुपाद : म्हंजे माल कमी घालायचा आणि दाम जास्त लावायचा? हुपरीत असं केलं तर गिऱ्हाईक दारात उभं ऱ्हायचं न्हाय. त्यो पलीकडचा द्या. हां, ह्यो कसा हाताला लागतोय.

उजैर : सतरा इंची आहे. पण घेऊन फिरायला फार जड.

गुरुपाद : फिरवतंय कोन? मांडायचा हाय, रुखवतात. कार्यालयाच्या दारातनं दिसला पायजे.

उजैर : मग हा बारा इंची खरंच कामाचा नाही. लाडवांच्या मागं गेला तर शोधत बसावं लागेल.

गुरुपाद : आणि विहीणबाईंचा निरोप हाय. गौराबाई म्हनाल्या, जावेच्या सुनेनं पंधरा इंची आणलाय.

उजैर : म्हणजे सतरा.

गुरुपाद : तुमाला लौकर कळलं. आमाला बैठकीत कळायला दोन कप च्या लागला.

उजैर : वापरणार कोण? जावईबापू?

गुरुपाद : त्यांच्याच नावानं घ्यायचा. शशिधर. निपाणीत खताचं दुकान हाय, झकास चाललंय.

उजैर : म्हणजे बिलं, स्टॉक वगैरे ह्याच्यावर करतील.

गुरुपाद : बिलं हातानंच करत्यात. अक्षर चांगलं हाय त्यांचं.

उजैर : मग लॅपटॉपवर काय करतील?

गुरुपाद : पावणं, तुमी माल विकायला बसलाय का सोयरीक जुळवायला?

शांभवी : मी वापरणार आहे. उजैरभाई, बारा इंची परत काढा. हार्ड डिस्क किती आहे त्याला?

उजैर : ऐंशी जीबी. एकशेसाठवाला पण येतो, पण किंमत बरीच चढते.

शांभवी : एकशेसाठवाला दाखवा. रॅमची एक खाच मोकळी आहे ना?

उजैर : आहे. हवी तेव्हा भरता येते. ताई, तुम्हाला सगळं माहितीय की.

गुरुपाद : एवढी जागा कशाला? लग्नाची सीडी मावली म्हंजे झालं.

शांभवी : सीडी कुठली आप्पा. डिझाइनं. पैंजणांची, कॉलेजपासून काढलेली, सगळी घरच्या कॉम्प्युटरवर आहेत. तुमचे इंदूरचे व्यापारी आता आधी चित्र बघतात आणि मग माल सांगतात. तो डबा काय निपाणीला उचलून नेऊ? तिथं बसून काढीन, तुम्हाला मेल करीन.

गुरुपाद : डिझाइनं राहू देत की हितंच.

शांभवी : आणि नवी कोण काढणार? आपला मल्लेश? तो माऊस धरतो हातोडीसारखा.

गुरुपाद : शिकंल. भाऊ हाय तुझा, तुझ्यासारखंच डोकं असनार. पावणं, ह्या सतराबरोबर पिशवी फुकट हाय का?

शांभवी : आप्पा.

गुरुपाद : पिशवी भारीतली पायजे. चेनवाली.

शांभवी : आप्पा, बैठकीत काय ठरलंय?

गुरुपाद : काय ठरायचं? तारीख. कार्यालय. मानपान.

शांभवी : आणखी?

गुरुपाद : लोकांच्या दुकानात काय इचारत बसलीस.

उजैर : मी जरा चहाचं सांगून येतो.

शांभवी : नको, तुम्ही इथंच थांबा. तुमच्यासमोर ते ओरडणार नाहीत.

गुरुपाद : वरडायला काय झालंय मला!

उजैर : थांबतो.

गुरुपाद : त्यांचं म्हननं येवढंच, लग्नानंतर म्हायारचं काम नगं. सून सासरी बसून बापाचा कारखाना चालवतीय, असं लोक म्हनतील. मी म्हटलं, बरं.

शांभवी : बरं म्हटलात.

गुरुपाद : सगळी बसल्याली. सुपारी ताटात. सुपारी फोडायला आलेलं जंगमस्वामी सारखं घड्याळ बघत हुतं. त्यात न्हाय कोन म्हनतंय?

शांभवी : मी म्हटलं असतं. आतल्या खोलीतच होते. एक हाक मारायची.

गुरुपाद : भर बैठकीत पोरीला हाक मारून इचारायची रीत हाय का आपल्यात?

शांभवी : साचा चुकला की भर जेवणातनं उठवता की मला. तेव्हा कुठं असते रीत?

गुरुपाद : ते येगळं. तुझ्या मागं शिवलीला हाय. थोरलीचं मोडलं म्हटल्यावर धाकटीला कोन बघायला येतंय?

शांभवी : मग मी निपाणीत करायचं काय दिवसभर?

गुरुपाद : सुखात ऱ्हायचं. लॅपटॉप हाय की. गाणी बघ.

शांभवी : कुठं बघू? माझ्या खोलीत असणार आहे का तो?

गुरुपाद : पुढच्या खोलीत. काचंच्या कपाटात. गौराबाईंनी वरचा खण रिकामा करून ठेवलाय.

उजैर : कपाटात ठेवायचा असेल तर प्रोसेसर कुठला देऊ, तेच कळेना झालंय.

गुरुपाद : तुमी जरा गप. न्हाय, एक सांगा. समजा आत्ता कमी जागेचाच घेतला. मागाहून वाढवता येती का? वर्षा-दोन वर्षांनी? तवर ही घरात रुळंल, मानसं बी ऐकायला लागतील.

उजैर : येते की. पण जुनी डिस्क काढायची, नवी बसवायची, सगळं परत भरायचं. आत्तापेक्षा खर्च जास्त, आणि एकदा उघडलं की वॉरंटी गेली. गिऱ्हाइकं नंतर बघू म्हणून जातात, आणि दोन वर्षांनी येऊन माझ्यावरच खेकसतात, आधी का नाही बोललास म्हणून.

गुरुपाद : मग तुमी काय म्हनता?

उजैर : काय म्हणणार? चहा पाजतो.

शांभवी : आप्पा, फोन लावा.

गुरुपाद : कुनाला?

शांभवी : निपाणीला.

गुरुपाद : आत्ता? हितनं? घरी जाऊन निवांत लावू की.

शांभवी : घरी गेल्यावर तुम्ही लावणार नाही.

गुरुपाद : एसटीडी पडंल. निपाणी म्हंजे कर्नाटक.

शांभवी : पडू दे.

गुरुपाद : हॅलो... शरणु शरणार्थी गौराबाई. गुरुपाद बोलतोय. व्हय, दुकानातच हाय... व्हय, सतराच. चांगला थोराड हाय... पिशवी बी देत्यात, चेनवाली... ते, जरा एक बोलायचं हुतं. आमच्या शांभवीचं... न्हाय न्हाय, रंग काळा हाय. व्हय, काळ्यावर धूळ दिसती, खरं हाय तुमचं... मी काय म्हनत हुतो... ते आपलं... जेवलासा न्हवं?

शांभवी : द्या इकडं.

गुरुपाद : बोलतोय की मी!

शांभवी : आप्पा, द्या.

गुरुपाद : घे बाई. नीट बोल पन.

शांभवी : अत्ती, मी शांभवी... हो, मीही आलेय. नाही, अजून घेतला नाही. रुखवताचं नाही बोलायचंय मला, वेगळंच आहे. तुम्हाला आवडणार नाही, पण लग्नाआधी कानावर घातलेलं बरं. मी डिझाइनचं काम सोडणार नाही... हो, बैठकीत आप्पा हो म्हणाले, माहितीय. मला आत्ता कळलं, दुकानात... नाही, रागानं नाही बोलत... चालेल, द्या त्यांना. मी धरते.

उजैर : काका, बिल कुठल्याचं करू?

गुरुपाद : थांबा की जरा. जावई फोनवर यायला लागल्यात. ऐकू द्या.