वरचे दोघं

परभणी स्टँडवर, झरीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढं मायलेकी होत्या.

“आई, आलो गं आपण. गूगलच्या पहिल्या पानावर, तिसऱ्या नंबरला.”

“मग सात महिने काय करायलं होतं त्ये गूगल?”

“दुसऱ्या वेबसाइटवाल्यांनी आपली लिंक दिल्याबिगर ते वर घेत न्हाई. मी चाळीस जणांना लिहिलं, अकरा जणांनी दिली. टाइम लागतोच की.”

“म्हंजे चार लोकांनी चांगलं म्हणावं लागतंय.”

“तेच की.”

“पण तुझा फोन तुझंच ऐकणार. दादा, तुमच्या फोनवर ‘हातची गोधडी’ टाका बरं.”

मी टाकलं. “चांगुणाबाईच्या गोधड्या, झरी. तिसऱ्याच नंबरला आहे.”

“मीच चांगुणाबाई.” तिनं फोन माझ्या हातातून घेतला. “धम्मशीला, हे वरचे दोघं कोण हायेत गं?”