शिद्राप्पाच्या गाडीभोवतीचे माळढोक

ऐका. आन् ए इष्णू, खोकायचं आसंल तर आत्ताच खोकून घे. मधी आवाज नको.

आपल्या पलीकडच्या माळावर माळढोक व्हते. पोराएवढं उंच पाखरू, मान पांढरीशुभ्र. नर 'हुम्म' करायचा त्यो पार गावात ऐकू यायचा. लई व्हते, लई! आमी पोरी पायी दिसलो की भुर्रर्र उडायचे. पन बैलगाडीला भ्यायचे न्हाईत. गाडी रोजचीच. आत कोन बसलंय, ते त्यास्नी काय ठावं?

शिद्राप्पा गाडीवानाला ते बरूबर ठावं व्हतं. शहरातनं बंदूकवाले यायचे, ह्यो त्यास्नी गाडीत घालून पार पाखराजवळ न्यायचा. धाड! मटनाला मारले, नुसत्या हौसंला मारले. वर्साला एकच अंडं घालनारी जात ती, किती पुरनार? शेवटी एक नर ऱ्हायला. मादी न्हाई, कुनी न्हाई, तरी रोज हाका मारायचा. त्यालाबी शिद्राप्पाच्याच गाडीतनं गोळी लागली.

पुढल्या साली शिद्राप्पा लेकीला सासरहून आनायला गेला. संगं तिची तान्ही पोर. निघता निघता दिवस बुडाला. व्याही म्हनले, "रातच्याला ऱ्हावा." ह्यो म्हनतो, "माळ माझ्या पायाखालचा हाय." पायाखालचा! पाय कवा ठेवला व्हता रं त्यानं?

माळाच्या मधोमध आले, आन् हुम्म! बैल जागच्या जागी थटले. झुडपाआड एक पांढरी मान. मंग दुसरी. मंग जिकडं बघावं तिकडं माना! शिद्राप्पानं बैल हाकले, तर माळढोक चाकाला घासून संगं चालायला लागले. गाडीला भितंय कोन? लेक म्हनली, "आप्पा, गाडीत कोन चढलं वो?" मागं बघतोय तर कुनी न्हाई. पन गाडी जड झाली. जू करकरलं, बैलांच्या तोंडाला फेस आला. तान्ही पोर रडत व्हती, ती एकदम गप. डोळं सताड उघडं. आन् तिच्या गळ्यातनं आलं... हुम्म!

लेकीनं हंबरडा फोडला. "आप्पा, माझी पोर न्यायला लागलेत!"

शिद्राप्पानं खाली उडी टाकली. हात वर करून त्यांच्या अंगावर धावला. "उडा! उडा रं! मी मानूस हाय, मानूस!"

भुर्रर्र! सगळा माळ उडाला. गाडी हलकी झाली. पोर रडली, मानसासारखी रडली.

लेक म्हनली, "आप्पा, बसा, हाना गाडी." ह्यो तिथंच उभा, वर बघत. म्हनला, "आगं, मी एकदा जरी उतरलो आसतो, तर उडाले आसते ते." बैलांचा कासरा धरून चालत घरी आला.

म्हनून सांगते, त्या वाटंनं जाऊ नका. भूत हाय म्हनून न्हाई. त्या रातीनंतर भूत होऊनबी ते परत आले न्हाईत. मी गेलते एकदा, तिथं उभी ऱ्हायले. इतकं सुनं, इतकं सुनं, की माझ्याच तोंडातनं हुम्म आलं. लई येळ वाट बघितली मी. कुनीबी ओ दिली न्हाई.