मुकुंदाची नवी यादी

मंडळी, आधी एक सांगा मला! ज्याला जग शहाणा म्हणतं, त्याला पुन्हा पहिल्या धड्यावर बसायची लाज वाटावी का? ...बघा, सगळे 'नाही, नाही' म्हणताय! म्हणायला काय जातंय! ऐका मग.

सोलापुरात मुकुंद सुरवसे नावाचा प्रोग्रामर. बारा वर्षं वेबसाइटी बनवतोय. ऑफिसात सगळे त्याला 'सर' म्हणायचे. आणि मंडळी, हे 'सर' फार वाईट हो! एकदा कानाला गोड लागलं की माणूस प्रश्न विचारायचं सोडतो!

त्याच्याकडं एका रक्तपेढीचं काम आलं. कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक, ते पडद्यावर दिसावं — एवढंच. पण करायचं नव्या फ्रेमवर्कमध्ये. फ्रेमवर्क म्हणजे काय? आजोबा, विचारलंत ते बरं केलंत! मांडवाचा तयार सांगाडा असतो ना — खांब उभे, आडवे बांबू बांधलेले, आपण नुसतं कापड लावायचं — तसं ते. मुकुंदानं आठ दिवसांत मांडव सजवला. कसा? इकडून चार ओळी उचलल्या, तिकडून सहा चिकटवल्या! का चालतं? ते कशाला बघा! चाललं ना? पुढं!

गुरुवारी काम दाखवायचं होतं. मोठे डॉक्टर, कंपनीचे साहेब, सगळे खुर्च्यांवर. मुकुंदानं माउस दिला दमयंती सिस्टरांच्या हाती. वीस वर्षं रक्तपेढीत उभी राहिलेली बाई! ओ निगेटिव्हची एकच पिशवी दिसत होती. सिस्टरांनी 'दिली' हे बटण दाबलं.

"सर..."

"बोला ना, सिस्टर."

"पिशवी मी दिली. इथं अजून आहेच की!"

पुन्हा दाबलं. आहेच!

"सर, हे बघून मी फोनवर सांगणार — या, पिशवी आहे. तिकडं बाळंतिणीचं रक्त थांबेना, तिचा नवरा इथं धावत आलेला... फ्रिज उघडून काय देऊ त्याला? तुमचा पडदा?"

सभा गार! आणि मुकुंदाच्या तोंडातून निघालं काय? "फ्रेमवर्कमध्येच दोष आहे हो!"

साहेब एवढंच म्हणाले, "सोमवारी पुन्हा दाखवा. नाही जमलं तर काम दुसरा करेल."

शुक्रवारी मुकुंद गेला म्हेत्रे मॅडमकडं. पॉलिटेक्निकला शिकवलेलं त्यांनी. आता निवृत्त. गवार निवडत बसल्या होत्या. यानं लॅपटॉप उघडला.

"मॅडम, या फ्रेमवर्कमध्ये ना—"

"मीट ते!"

मीट म्हणाल्या हो! सरांना!

त्यांनी डबा घेतला, पाच शेंगा टाकल्या, वर चिठ्ठी चिकटवली — 'जुनी'. "आता याची नवी यादी कर बघू. कोडमध्ये करतोस तशीच, कागदावर."

मुकुंदानं ऐटीत लिहिलं — 'नवी = जुनी'. "झाल्या दोन याद्या!"

मॅडमनी दुसरी चिठ्ठी लिहिली, 'नवी'. आणि लावली कुठं? त्याच डब्याला! "तू हे केलंस. आता नवीतली एक शेंग काढ. जुनीत किती राहिल्या?"

"पाच."

"मोज."

चार!

खोटं वाटलं त्याला. लॅपटॉपवर तेच चालवून बघितलं. चार! हातातली शेंग गळून पडली, मंडळी! बारा वर्षं तो समजत होता, नवं नाव दिलं की नवी वस्तू झाली!

"तुझ्या यादीतून पिशवी गेली, पण फ्रेमवर्क बिचारं एवढंच बघतं," मॅडम म्हणाल्या, "डबा बदलला का? नाही ना? मग पडदा पुन्हा कशाला रंगवू? तू दुसरा डबा घे, उरलेल्या शेंगा त्यात भर, तो त्याच्यापुढं ठेव."

"हे तर पहिल्या वर्षाला होतं, मॅडम..."

"होतं की. तू दुसऱ्या बाकावर बसून मान हलवत होतास."

अहो, मान हलवत होतास! ...आणि तुम्ही आत्ता काय करताय?

दोन दिवस मुकुंद तिथंच बसला. नाव म्हणजे काय, वस्तू म्हणजे काय, कोण कुणाकडं बोट दाखवतं — सगळं पहिल्यापासून. मधेच मनात यायचं — आपल्या जुन्या कामांत ही चूक कुठं कुठं झोपली असेल, देवा!

सोमवार. सिस्टरांनी बटण दाबलं. पिशवी गेली! पडद्यावर शून्य. त्यांनी उठून फ्रिज उघडला, बघितला, परत आल्या. "आता बरोबर."

साहेब खूश. "काय दोष होता हो फ्रेमवर्कमध्ये?"

गप्प राहिला असता तर कुणाला कळणार होतं? पण मुकुंद उभा राहिला. "फ्रेमवर्क ठीकच होतं, साहेब. मला पहिला धडा येत नव्हता."

खुर्च्यांवरचे हबकले! सिस्टर तेवढ्या हसल्या. "मग या पडद्यावर मी विश्वास ठेवते."

आता तुमच्याकडं वळतो! माळ घातली, भक्त झालात — चिठ्ठी नवी! आत हात घालून बघितलंत? राग तोच, सुनेला टोमणा तोच, आणि या कीर्तनकारबुवांचा मोठेपणाही तोच! आज घरी जाऊन एवढं करा — 'मला येत नाही, शिकवा,' हे एकदा मोठ्यानं म्हणा. देवाला नको, त्याला ठाऊकच आहे! माणसाला म्हणा.

उचला टाळ!