अप्पांची वाहवा

आमच्या अप्पांनी इथे आखातात, मनामा शहरात ऑपेराला काय केलं, ते सांगितलं का तुम्हाला? तिकिटं माझ्या इटालियन बॉसनं दिली होती, आणि माझा व्हिसा रिन्यू करायचा की नाही, हे त्याच महिन्यात तोच ठरवणार होता. म्हणून बुसैतीनच्या घरून निघतानाच अप्पांना बजावलं, "तिथे मैफलीसारखी मध्येच दाद द्यायची नाही. शेवटी टाळ्या, बास."

मध्यंतरात बॉसनं या ऑपेराच्या संगीतकाराची गोष्ट सांगितली. पिढ्यानपिढ्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारं कुटुंब, आणि हा तरुणपणी एक ऑपेरा ऐकायला कित्येक मैल चालत गेलेला. अप्पा खूश. "म्हणजे घराण्यातला माणूस!"

शेवटाकडे एक मुलगी प्राण देते आणि सगळे हळू गात तिला घेऊन जातात. ओहोटीचं पाणी मागे सरकावं तसे सूर विरत गेले. माझेही डोळे मिटले होते. तेवढ्यात अप्पांनी मांडीवर थाप मारली. "वाहवा! क्या बात है!"

अख्खं थिएटर वळून बघायला लागलं. मी मनात म्हटलं, खलास.

त्यानंतर अप्पा शेवटपर्यंत गप्प. बाहेर आल्यावर बॉसनं त्यांचा हातच धरला आणि मला म्हणाला, "यांना कसं कळलं? संगीतकारानं तिथपर्यंतच लिहिलं होतं. मग तो वारला. पुढचं दुसऱ्यानं पूर्ण केलं."

मी ते मराठीत सांगितलं. अप्पा समोरच्या समुद्राकडे बघत राहिले.

"तरीच," ते म्हणाले. "पुढे सूर तेच होते रे, पण माणूस उठून गेला होता."