सासूबाईंनी पाठवलेली रिक्षा

हॅलो?… हं, रसिका, बोल… कुठला डबा? असू दे गं तो, पळून नाही जात. आधी सांग, पीयूष गेला शिफ्टला?… नक्की गेला? आणि फोन स्पीकरवर नाही ना?… बरं. मग ऐक… अगं ऐक ना, मध्ये बोलू नकोस.

काल आमच्या शेजारच्या आकांक्षाच्या डोहाळजेवणात कासारणीनं बांगड्या भरायला तुझा हात धरला, तर केवढी कळवळलीस… हो, हो, ऐकलं मी. मनगट दारात सापडलं म्हणालीस. पण म्हणायच्या आधी न्यायला आलेल्या पीयूषच्या तोंडाकडे बघितलंस.

रसिका, ते दार मला नको सांगूस. तुझे सासरे होते तोवर बावीस वर्षं मी हेच सांगत आले. कधी दार, कधी मोरीतली ओली फरशी… हो, तुझे सासरेच. देवमाणूस म्हणायचा ना बडोद्यातला सगळा दांडिया बाजार? म्हणू दे.

रडतेस?… रड. मी आहे फोनवर.

नाही गं, तुझं काही चुकलं नाही. मीठ जास्त पडलं म्हणून कुणी हात पिरगळतं का?… चुकलं माझं. दिवाळीत तू सांगायला आलीस, तर मी म्हटलं, तापट आहे, बापावर गेलाय, सांभाळून घे. जीभ कशी झडली नाही माझी!

काय?… दर तासाला व्हिडिओ कॉल? घरभर फिरवून दाखवायचा?… अगं बाई! आणि माहेरी फोन करायचा नाही?… ह्याला काळजी म्हणतो तो? मेला… माझाच आहे, म्हणूनच बोलतेय.

पुढचा कॉल कधी?… अकराला. म्हणजे अर्धा तास आहे. बघ, तुमच्या कोपऱ्यावर, पाण्याच्या टाकीजवळ लक्ष्मणभाईंची रिक्षा उभी आहे. मीच पाठवलीय, सकाळी. तू नाही म्हणालीस तर रिकामी परत येईल. मी रागावणार नाही, उद्या पुन्हा पाठवीन. जायचं की नाही ते तूच ठरव…

काय?… जरा मोठ्यानं बोल…

जायचंय? शाब्बास गं माझी पोर! आधार, पासबुक, गोळ्या, दोन कपडे. बस ने, तेवढं पुरे आता, भांडीकुंडी गोळा करू नकोस… नाही, माझ्याकडे नको, तो पहिला इथेच येईल. सयाजीगंजात, संयोगिताकडे. माझी शाळेतली मैत्रीण, मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर आहे. तिनं महिलांच्या १८१ हेल्पलाइनच्या बेनना, त्या ताईंना बोलावलंय. त्या डॉक्टरला दाखवतील, पुढचं नीट समजावतील. आणि मोबाईलमधलं ते लोकेशन बंद कर…

सापडलं पासबुक?… मग चपला घाल. कुलूप लाव… शेजारीण काय विचारते?… सांग, सासूनं रिक्षा पाठवलीय. खोटं कुठे आहे त्यात?

बसलीस?… हाश्श! दे जरा त्यांना फोन… लक्ष्मणभाई, धीरे जजो हं, मारी दीकरी छे… हं, रसिका… काय म्हणालीस?… हो, मुलगीच म्हटलं त्यांना. मग काय म्हणू?

अकरा वाजले, मध्येच त्याचा व्हिडिओ कॉल येतोय? येऊ दे, उचलू नकोस… थांब, आता मला येतोय त्याचा. घाबरू नकोस, बाळा. तू ठेव, मी बोलते.

हॅलो?… हो पीयूष, आईच… आधी ओरडणं बंद कर… हो, रसिका कुठे आहे ते माहीत आहे मला… नाही. सांगणार नाही… तुझ्या बाबांना कधी उलटून बोलले नाही, म्हणून तुला वाटतं तुलाही बोलणार नाही?… ये ना, ये. घरीच बसलेय मी. तिचं मनगट कसं सुजलं ते माझ्यासमोर उभं राहून सांग… हो, थरथरतोय माझा आवाज. थरथरू दे. पत्ता मिळायचा नाही. ठेवते मी.