अमरेशला पाण्यावर उडायचंय

...आणि ग्लास तोंडाला लावला तर पाण्याला वास ग्रीसचा. तुमाला सांगते, चार-पाच दिवसांनी एकदा नळ येतो आपल्याकडं, तो बी कवा येईल नेम न्हाई, हौद भरून ठेवायचा आणि तांब्या-तांब्यानं पुरवून वापरायचा, आणि त्याच हौदात ह्या बाबानं मोटर बुडवून ठेवलेली. कशाला, तर आत पाणी शिरतंय का बघायला. आता मोटरीत किती शिरलं ते बघितलं त्यानं, पण मोटरीतून बाहेर किती आलं ते कुणी बघायचं? वर तेलाचा तवंग, शी... हौद आमचा आणि त्यांचा एकच, मी वर राहते, ते खाली. मी काय, दोन शिव्या दिल्या आणि मोकळी झाले. हाल झाले राजेश्वरीचे, त्याच्या बायकोचे. तिनं त्याच पाण्यात आमटी शिजवलेली, पोरांनी खाल्लेली, सासूनं दोनदा मागून घेतलेली.

का तर, अमरेशला पाण्यावर उडायचंय.

हा अमरेश म्हंजे एमआयडीसीत इलेक्ट्रिक स्कूटरा दुरुस्त करतो, अक्कलकोट रोडला गॅरेज हाय त्याचं. माणूस वाईट न्हाई. फक्त देह असा की रिक्षात बसला तर दुसऱ्या माणसानं पुढची रिक्षा बघावी. त्यानं मोबाइलवर कुणीतरी परदेशी बघितला, फळीवर उभा, आणि फळी पाण्याच्या वर हातभर अधांतरी. खाली दांडा, दांड्याच्या तळाला विमानाला असतात तसले बारके पंख आणि मोटर. मोटरीनं वेग घेतला की पंख फळीला वर उचलतात, असं त्याचं म्हणणं. झालं, हा रात्रंदिवस तेच बघत बसला. "राजी, बघ की. लाट न्हाई, आवाज न्हाई. कसा हात बांधून चाललाय बघ."

राजेश्वरी भाकरी थापत म्हणाली, "त्याच्या गावात पाणी असंल."

ऐकतोय व्हय तो? जुन्या स्कूटरच्या बॅटऱ्या आणल्या, थर्माकोलच्या लाद्या आणल्या, त्या कापून फळी केली, आणि वरनं काचेचं कापड लावून ते डिंकासारखं रसायन चोपडायला घेतलं. कशात कालवलं म्हणता? परातीत. राजेश्वरीच्या माहेरच्या पितळी परातीत, जिच्यात ती पीठ मळते. ते रसायन तासाभरात दगड होतं, हे ह्याला ठाऊक, परातीला ठाऊक न्हाई. वास तर असा की शेजारचं मांजर चार गल्ल्या लांब जाऊन राहिलं. मग ती फळी गच्चीवर नेऊन घासायला बसला, मशीन लावून. गच्चीवर काय होतं? राजेश्वरीच्या कुरडया वाळत. काचेची ती भुकटी कुरडयांवर, दोरीवरच्या लुगड्यांवर, सगळीकडं. सासूनं त्यातलंच एक लुगडं नेसलं आणि दिवसभर खाजवत बसली, संध्याकाळी म्हणती, "राजेश्वरी, माझ्यावर देवीचा कोप झालाय, नवस बोल." राजेश्वरीनं तिला अंघोळ घातली, लुगडं जाळलं, कुरडया उकिरड्यावर टाकल्या आणि पायरीवर बसून राहिली. मी म्हटलं, "अगं, बोल की काहीतरी त्याला." तर तोंड असं केलं, कडू औषध घेतल्यासारखं. "काय बोलू काकू? त्याला पाण्यावर उडायचंय."

मग एका रविवारी टेम्पो आला. मंद्रूपच्या अलीकडं एक तलाव हाय, तितं न्यायचं ठरलं, आणि मला बी धरून नेलं, म्हणे, काकू, तुमी बघायला पायजे. तुमाला सांगते, तलाव कसला, हिरव्या कढीचा टोप. कडेला शेवाळ, मधे जलपर्णी, आणि काठावर म्हशी, त्या जे करतात ते करत. राजेश्वरीनं ओढणी नाकाला लावली ती काढलीच न्हाई.

अमरेश चड्डीवर उतरला, फळीवर पालथा झोपला, हातातल्या रिमोटचं बटण दाबलं. फळी घुर्र करून निघाली... आणि बुडाली. म्हंजे पूर्ण न्हाई, त्याची पाठ वर आणि बाकी खाली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मोटरीच्या पंख्यात शेवाळ गुंडाळलं, ते काढलं, पुन्हा गेला, आणि तोंडात पाणी गेलं. बाहेर येऊन जे ओकायला लागला, की म्हशी उठून बाजूला गेल्या. म्हशींना किळस आली, काय समजायचं माणसानं?

पण गडी हटतोय व्हय. तसाच गळत्या अंगानं राजेश्वरीकडं बघायला लागला. बघतोय, बघतोय. "राजी, तुझं वजन किती?"

तिनं ओढणी नाकावरनं काढली. "न्हाई."

"एकदाच. तू मंद्रूपची, विहिरीत पोहलेली. तुझं वजन बी न्हाई उचललं, तर भंगारात घालतो. आईची शपथ."

आता बघा, ती का चढली ते नीट ऐका. तिला ते बुडवायचं होतं. एकदाचं तळाला गेलं की घर मोकळं, हौद मोकळा. माझ्या कानात म्हणाली, "काकू, बटण दाबून धरते गच्च. आपोआप उलटतंय." पंजाबी ड्रेस घालूनच आली होती, ओढणी कमरेला बांधली, तोंड वाकडं करून त्या हिरव्या पाण्यात उतरली, फळीवर गुडघे टेकले, आणि दाबलं की बटण, पुरतं.

फळी सुसाट निघाली. आणि मग आवाजच बंद. तुमाला सांगते, माझ्या अंगावर काटा आला... फळी पाण्याला लागेना. खाली नुसता तो दांडा पाणी कापत चाललेला, वर आमची राजेश्वरी, गुडघ्यावर, डोळे एवढे मोठे. अमरेश काठावरनं ओरडतोय, "सोड, राजी, बटण सोड." सोडतीय कशाला? एक चक्कर झाली. दुसऱ्या चकरेला ती उभी राहिली. ओढणी मागं उडतीय, आणि तोंडावर तीच किळस, जशीच्या तशी, पण खाली यायचं नाव न्हाई. शेवटी बॅटरी संपली आणि ती जलपर्णीत जाऊन पडली. वर आली ती कानात शेवाळ, केसात गोगलगाय. अमरेश रडत होता. ती थुंकली, पुन्हा थुंकली, आणि म्हणाली, "बॅटरी बारकी हाय."

आता घरात काय चाललंय, ऐका. त्या पंखांना झेपतं ते तिचंच वजन, दुसऱ्या कुणाला घेऊन ते उठतच न्हाईत. म्हणून अमरेशनं वजनकाटा आणलाय. तिच्या ताटात तूप पडलं की हा बघतो. सासू म्हणती, "सुनेला जेवू देत न्हाईस, लोक काय म्हणतील?" राजेश्वरी त्याला बोल बोल बोलती, तलावाला घाण म्हणती, फळीला घाण म्हणती, नवऱ्याला तर काय काय म्हणती, आणि रविवारी पहाटे टेम्पोत पुढं तीच बसलेली असती.

परवा शनिवारी मी होळगी केली, आपली पुरणपोळी हो, वर तुपाची धार सोडून गरम गरम खाली घेऊन गेले. तिला लई आवडती. बराच वेळ ताटलीकडं बघत राहिली बिचारी. मग तोंड कडू केलं आणि ताटली माझ्याकडं सरकवली. "नको काकू. उद्या तलाव हाय."

मग काय, तितंच बसून मीच खाल्ली. आपल्याला कुटं उडायचंय.