कड्यावरून उत्तर आले नाही त्याबाबत

जबाब देणार : ओळखीत ‘लिफ्टवाले’, वय ५४ वर्षे, धंदा लिफ्टदुरुस्ती, राहणार बाजारामागची इमारत, चौथा मजला. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणाच्याही दबावाशिवाय सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. पत्नी घरी शिलाईकाम करते. लग्नापासून आजवर ती लिफ्टमध्ये चढलेली नाही. दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी जिन्यानेच येते. दिव्याखाली अंधार, असे म्हणून शेजारी मला चिडवतात. तिला उंचीची भीती आहे, असे मी सर्वांना सांगत आलो.

काल आम्ही दोघे समुद्रकाठच्या तंबूतळावर मुक्कामाला आलो. तळाला लागून तीनेक मजले उंच कडा आहे. तिथे नवशिक्यांना दोर बांधून चढायला शिकवतात. शिकवणारी मुलगी आमच्या भाचीएवढी असेल. दोर माथ्यावरच्या कडीतून खाली येतो आणि तो चढणाऱ्याच्याच घरच्या माणसाने खालून धरायचा, अशी तिची पद्धत आहे. नवखा माणूस आपल्या माणसाच्या भरवशावर हात सोडतो, असे तिने सांगितले. दोराचे मागचे टोक तिच्या स्वतःच्या हातात होते. ते तिने शेवटपर्यंत सोडले नाही, हे मुद्दाम लिहून घ्यावे.

आज सकाळी चढणार होतो मी. पत्नी नुसती दोर धरायला आली होती. माझा पट्टा बांधून होत असताना ती म्हणाली की आधी मी जाते. मला थट्टा वाटली. दोन हात वर जाशील आणि रडत उतरशील, असे मी म्हणालो. तिने चष्म्याची दोरी घट्ट केली आणि पट्टा मागून घेतला. दोर मी धरला.

कापडातली शिवण चाचपावी तशी ती दगड चाचपत वर गेली. तिचे प्रत्येक पाऊल मला दोरातून तळहाताला कळत होते. मी थक्क झालो होतो. जन्मभर दोरांचे काम केले, पण दोराच्या दुसऱ्या टोकाला आपले माणूस असे कधी लागले नव्हते.

माथ्याखाली अरुंद कट्टा आहे. तिथे ती समुद्राकडे तोंड करून बसली आणि दोर सैल पडला. मी हाका मारल्या. उत्तर नाही. मुलगी म्हणाली, “काका, बसू द्या त्यांना. पहिल्यांदा वर गेलेली माणसं बोलत नाहीत.”

आमच्या धंद्यात नियम आहे. लिफ्ट मध्येच अडकली आणि आतून आवाज येत नसला, तर दोर हलवायचा नाही, आधी मदत बोलवायची. एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने मी ठाण्याला फोन केला. बाई अडकली आहे आणि शिकवणारी काही करत नाही, असे सांगितले. त्यावरून तुमच्या हवालदारांनी येऊन चढाई बंद केली व पत्नी खाली उतरल्यावर मुलीला इथे आणले.

हवालदार आले तेव्हा पत्नीने खाली पाहिले आणि दोरावर भार टाकला. “अहो, सोडा सावकाश,” म्हणाली. मी दोर सोडत सोडत तिला खाली उतरवले.

एवढी घाबरतेस तर गेलीस कशाला, असे मी विचारले. ती म्हणाली, “उंचीची भीती मला कधीच नव्हती. लिफ्टचं दार बंद होतं ना, त्याची वाटते. तुम्ही कधी विचारलंच नाहीत.” वरून पाण्याचा तळ दिसतो, माशांचा अख्खा थवा एका दमात वळतो आणि लखलखतो, ते पाहताना शब्द फुटेना, असे तिने सांगितले. सांगताना ती हाताने थवा वळवून दाखवत होती. इतकी वर्षे एका घरात राहून तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

मुलीविरुद्ध माझी काही तक्रार नाही. तिला आताच जाऊ द्यावे व चढाई सुरू करावी. उद्या सकाळी मी चढणार असून दोर पत्नी धरणार आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात फोनवरच्या माझ्या बोलण्यावरून ‘महिला कड्यावर अडकली’ असे आले होते. ते मी खोडायला लावले. त्या जागी ‘महिला कड्यावर पोचली’ असे घेतले आहे. आता सगळे मी सांगितले तसे आहे, म्हणून सही करतो.